मॅन्युअल नाही, तर मंजुरी नाही

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. कंपनीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना दोन-तीन वर्षांची असते, जास्तीचे पैसे मोजले तर पाच-सात वर्षांची. उरलेला सगळा काळ गाडी धडधाकट ठेवायची जबाबदारी मालकाची. या काळात गाडी बहुधा ओळखीच्या गॅरेजमध्येच जाते. तिथे हात अनुभवी असतात, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनरही आता बऱ्याच जणांकडे असतो. नसतं ते वर्कशॉप मॅन्युअल. म्हणजे नेमक्या त्याच गाडीचं, त्याच इंजिनाचं आणि ताजं, आजच्या तारखेपर्यंतचे बदल उतरलेलं.

ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलेलं पुस्तक ते हे नव्हे. ते ओनर्स मॅन्युअल. टायरमध्ये हवा किती भरायची, ऑइल कोणत्या ग्रेडचं, कुठला फ्यूज कशाचा, एवढं ते सांगतं. वर्कशॉप मॅन्युअल सांगतं ते असं: कोणता बोल्ट आधी सोडायचा आणि कोणता शेवटी, किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचा, झीज कितीपर्यंत चालते, कोणतं खास हत्यार लागतं, एखादा फॉल्ट कोड आला तर कोणत्या पिनवर किती व्होल्ट दिसायला हवेत. वायरिंगचे नकाशे बहुधा वेगळ्या खंडात असतात आणि सुट्या भागांचा कॅटलॉग आणखी वेगळा. या सगळ्यांवर कडी करणारी चौथी गोष्ट म्हणजे सर्व्हिस बुलेटिन. गाडी बाजारात आल्यावर एखादा दोष लक्षात येतो, कंपनी टॉर्क बदलते, पार्टचा नंबर बदलते, कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकात, नवं सॉफ्टवेअर टाकायला सांगते. हे सगळं बुलेटिनमधून डीलरच्या वर्कशॉपला कळतं. बाहेरच्या गॅरेजला कळायची सोय नसते.

‘चांगल्या मिस्त्रीला पुस्तक लागत नाही’ हे वाक्य कार्बोरेटरच्या जमान्यात बऱ्याच अंशी खरं होतं. आज ते धोक्याचं आहे, आणि का ते तपशिलातच कळतं.

सिलिंडर हेडचे बोल्ट घ्या. आजच्या बहुतेक इंजिनांत ते नुसत्या टॉर्कवर आवळत नाहीत. आधी ठराविक टॉर्क, मग अंशांत कोन. उदाहरणार्थ आधी ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश, आणि तेही मधून बाहेर अशा ठरलेल्या क्रमाने. अशा पद्धतीने आवळलेला बोल्ट मुद्दाम ताणला जातो. बऱ्याच इंजिनांत तो एकदाच वापरायचा असतो. काहींत लांबी मोजून, मर्यादेत असेल तरच पुन्हा. ही मर्यादा मॅन्युअलमध्येच असते. जुना बोल्ट अंदाजाने आवळला तर गाडी गॅरेजमधून नीटच बाहेर पडते. पुढे कधीतरी घाटात तापमानाचा काटा वर चढतो, ऑइल फिलरच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस दिसतो, आणि हेड गॅस्केट (हेडखालची सील) पुन्हा गेलेलं असतं. दोष पार्टवर ढकलला जातो.

मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर पॅड बदलण्याआधी कॅलिपर सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. काही गाड्यांत हे बटणं आणि पेडल यांच्या ठरलेल्या क्रमाने होतं, काहींत स्कॅनरशिवाय होत नाही. हे माहीत नसलेला माणूस पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकलतो आणि आतली स्क्रू-यंत्रणा तोडतो. पॅडचं साधं काम कॅलिपरच्या खर्चावर जातं.

आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या, गाड्या सर्वसामान्यांच्या दारात आल्या. एएमटीत क्लचप्लेट नवी घातली की कंट्रोल युनिटला नवा क्लच कुठे धरतो ते स्कॅनरने शिकवावं लागतं. हायड्रॉलिक अॅक्चुएटर असेल तर त्यातली हवा काढण्याचा क्रमही ठरलेला असतो. तो चुकला तर गाडी धक्के देते, चढावर मागे येते आणि नवी प्लेट वेळेआधी जळते. सीव्हीटीची, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, तऱ्हा वेगळी. अनेक सीव्हीटींना डिपस्टिकच नसते. गाडी सपाट उभी करून, ऑइल ठराविक तापमानाला आणून, ओव्हरफ्लोच्या प्लगमधून थेंब पडायला लागले की पातळी बरोबर समजायची. ते तापमान गाडीगणिक बदलतं. थंड ऑइलवर पातळी मोजली तर ते जास्त भरलं जातं, भलतंच ऑइल घातलं तर पट्टा घसरतो.

कॉमन-रेल डिझेलचा प्रत्येक इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, कारखान्यातून स्वतःचा कोड घेऊन येतो. इंजेक्टरा-इंजेक्टरांतला सूक्ष्मसा फरक भरून काढण्यासाठी तो कोड कंट्रोल युनिटमध्ये लिहावा लागतो. इंजेक्टर बदलला आणि कोड तसाच ठेवला, किंवा दोन इंजेक्टरांची अदलाबदल झाली, की आयडलला थरथर आणि पिकअपला धूर. मग चांगला पंप खोलला जातो.

या सगळ्या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. माहिती नसल्यामुळे होणाऱ्या आहेत, आणि ती माहिती कुठेतरी लिहून ठेवलेली आहे, हेच जास्त खुपतं.

आता ‘ताजं’ या शब्दावर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. मॅन्युअल नसेल तर समजूतदार मेकॅनिक निदान सावध असतो. जुनं मॅन्युअल हाती असेल तर तो खात्रीने चूक करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर आला. या इंजिनांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. जुन्या पुस्तकात त्याच नावाच्या इंजिनापुढे साधं १५ डब्ल्यू ४० लिहिलेलं असतं. ते घातलं तर इंजिनाला लगेच काहीच होत नाही, फिल्टर मात्र हळूहळू राखेने भरत जातो. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापून साफ होताना, जळते. राख जळत नाही. पुढे येतो तो फिल्टर बदलण्याचा खर्च.

याहून बोलकं उदाहरण फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलचं. १,२४८ सीसीचं हे इंजिन फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी पुण्याजवळ रांजणगावला आणि मारुतीसाठी मानेसरला बनत असे. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा, स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, इतक्या गाड्यांत ते बसलं. सामान्य रूप ७५ अश्वशक्तीच्या आसपासचं आणि साध्या टर्बोचं. वरचं ९० अश्वशक्तीचं, व्हेरिएबल टर्बोचं. ब्लॉक एकाच वंशाचा, टायमिंग चेनचा. पण वायरिंग, कंट्रोल युनिटचं प्रोग्रॅमिंग, इंजिनाभोवतीची मांडणी कंपनीगणिक आणि सालागणिक निराळी. म्हणून एका कंपनीचं मॅन्युअल दुसरीच्या गाडीला यांत्रिक कामापुरतं बरंचसं चालतं आणि विजेच्या कामात दगा देतं. चेन बदलताना कॅमशाफ्ट आणि फ्लायव्हील खास पिनांनी जखडावं लागतं. खडूच्या खुणांवर भिस्त ठेवून काम उरकलं तर टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्यापर्यंत पाळी येते. बीएस-६ येताच या इंजिनाचा भारतातला अध्याय संपला. रस्त्यावरच्या गाड्या मात्र संपल्या नाहीत.

ज्यांच्या कंपन्याच निघून गेल्या त्या मालकांचं तर विचारूच नका. जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस शेव्हरोलेची भारतातली विक्री थांबवली, तळेगावचा कारखानाही डिसेंबर २०२०मध्ये शांत झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन आवरत असल्याचं जाहीर केलं. २०१७ साली घेतलेल्या बीटची नोंदणी २०३२पर्यंत आहे, २०२१च्या इकोस्पोर्टची २०३६पर्यंत. सुटे भाग पुरवण्याची आश्वासनं मिळतात, काही भाग खरोखर मिळतातही. पण पार्ट मिळणं आणि तो बसवायची रीत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज मालकाला किंवा गॅरेजवाल्याला मॅन्युअल हवंच असेल तर काय करता येतं? पहिलं काम गाडीची ओळख नक्की करण्याचं. मॉडेलचं नाव पुरत नाही. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा, एमएएल ह्युंदाई. इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना आरसीवर असतो. नोंदणीची तारीख इथे उपयोगाची नाही. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये नोंदली गेलेली असू शकते, आणि मॅन्युअलमधले बदल ‘अमुक चासी नंबरपासून पुढे’ असे असतात. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचा कोड त्याच्या पट्टीवरून टिपून घ्यावा. कंट्रोल युनिटचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती स्कॅनरवर वाचता येते.

मग हाती आलेली फाइल पारखायची. पहिल्या पानांवर प्रकाशनाचा क्रमांक आणि तारीख आहे का, सुधारणांची यादी आहे का ते बघावं. नसेल तर ती फाइल संदर्भापुरतीच. त्यातले तीन आकडे ओनर्स मॅन्युअलशी ताडावेत: फिल्टरसकट ऑइल किती लिटर, कूलंट किती, स्पार्क प्लग कोणता. एक जरी जुळला नाही तरी पुस्तक दुसऱ्या इंजिनाचं आहे असं धरून चालावं. विजेच्या कामाआधी एखादा सहज हाती येणारा कनेक्टर काढून पिनांची संख्या आणि वायरचे रंग नकाशाशी जुळवून बघावेत. एककांकडे विशेष लक्ष हवं. अमेरिकी मॅन्युअलमधले २५ पौंड-फूट म्हणजे जवळपास ३४ न्यूटन-मीटर. तो आकडा न्यूटन-मीटर समजून आवळलं तर बोल्ट चौथा हिस्सा सैल राहतो. जुन्या जपानी मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतात, त्यांना ९.८ने गुणायचं. परदेशी मॅन्युअल असेल तर स्टिअरिंग बऱ्याचदा डावीकडचं, म्हणून वायरिंगचा मार्ग, पेडल आणि ब्रेक बूस्टरची जागा निराळी. उत्सर्जनाची उपकरणंही आपल्या नियमांनुसार नसतात.

इतकं करूनही पंचाईत राहतेच, कारण ही फाइल येते कुठून? पेनड्राइव्हवरून फिरत आलेली, मधली पानं गायब असलेली. सोबत ‘फुकट’ निदान-सॉफ्टवेअर असेल तर व्हायरसही. परदेशातल्या अधिकृत संकेतस्थळांवर पैसे भरून वाचता येतं, पण ती गाडी भारतातल्याच बाजारासाठी बनलेली असेल तर ती तिथे सापडेलच असं नाही. प्रामाणिकपणे पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला चोरवाटेने जावं लागावं, ही व्यवस्थाच चुकीची आहे.

हा अन्याय आपल्या यंत्रणेला ठाऊक नाही असं नाही. २०११ साली होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्धची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. चौकशीची व्याप्ती वाढली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरवलं. सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून या कंपन्यांनी आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा तो निष्कर्ष. सुमारे २,५४५ कोटींचा दंड. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हेही आयोगाने बजावलं. बौद्धिक संपदेचा बचाव आणि ‘अडाणी मेकॅनिकच्या हाती माहिती गेली तर अपघात होतील’ हा बचाव, दोन्ही आयोगाला पटले नाहीत.

आदेश उत्तम होता. पण दंडाचा वाद अपिलांत आणि न्यायालयांत गेला, आणि मॅन्युअल जिथे होतं तिथेच, डीलरच्या लॉगिनमागे, राहिलं. जुलै २०२२मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत मोटारीही त्यात होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. पोर्टल आहे, बंधन नाही.

युरोपने इथे वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते तीच आपल्याला हवी आहे. तिथे दुरुस्तीची माहिती देणं ही गाडीच्या प्रकार-मंजुरीची, म्हणजे नवं मॉडेल विकण्याआधी घ्यायच्या मंजुरीची, अट आहे. २००७च्या नियमात ती आली आणि १ सप्टेंबर २०२०पासून लागू झालेल्या २०१८/८५८ क्रमांकाच्या नियमात पक्की झाली. स्वतंत्र गॅरेजला तास, दिवस, महिना किंवा वर्ष अशा मुदतीची वर्गणी भरून मॅन्युअल वाचता येतं आणि वर्गणी वाजवी असावी लागते. सर्वांत मोलाची तरतूद पुढे आहे: माहितीत झालेला बदल अधिकृत वर्कशॉपला ज्या वेळी मिळतो त्याच वेळी तो सर्वांसाठी खुला व्हायला हवा. ताजेपणा कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेला नाही. फोक्सवॅगन समूहाच्या ‘एर्विन’ या संकेतस्थळावर तासाभराचे पैसे भरून गाडीची पानं उतरवून घेता येतात. निदानाच्या सॉकेटला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावून फियाट क्रायस्लरने आपल्या अटी घालायचा प्रयत्न केला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितलं की नियमात नसलेल्या अटी कंपनीला घालता येणार नाहीत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२२पासून स्वतंत्र योजना लागू केली. तिथे गॅरेजांबरोबर प्रशिक्षण संस्थांनाही माहिती मागायचा हक्क आहे.

दंड आणि अट यांत फरक असा की दंडाविरुद्ध वर्षानुवर्षं लढता येतं. अट पूर्ण केल्याशिवाय पहिली गाडीच विकता येत नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमानुसार प्रत्येक नव्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावाच लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशाच संस्था. ब्रेक, दिवे, धूर तपासताना आणखी एक गोष्ट मागायची: वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंगचे नकाशे आणि पार्ट कॅटलॉग यांची पूर्ण डिजिटल प्रत. बुलेटिन निघालं की त्याच दिवशी तिथेही जमा. मॅन्युअल नाही, तर मंजुरी नाही.

वाचण्याची सोय चासी नंबरवरून असावी. मालकाचा मोबाइल क्रमांक ‘वाहन’ या सरकारी नोंदणी यंत्रणेत असतोच, ओटीपी टाकला की त्याला आपल्या गाडीचं मॅन्युअल फुकट दिसावं. गाडी विकत घेताना त्याने त्याचे पैसे भरलेलेच आहेत. गॅरेजांसाठी वर्गणी, पण छोट्या गॅरेजला झेपेल अशी, तासावरसुद्धा. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल अभ्यासक्रमाला ते विनामूल्य असावं. दोन वर्षं शिकणारी मुलं उद्या ज्या गाड्या दुरुस्त करणार आहेत त्यांचं पुस्तक त्यांनी वर्गात उघडलेलं असायला हवं. निदान सुरक्षिततेचा भाग मराठीसह भारतीय भाषांत असावा. आणि कंपनी देश सोडून गेली तर जमा असलेली प्रत सर्वांसाठी खुली व्हावी.

आक्षेपांतला एक मला खरोखर गंभीर वाटतो: चोरीचा. चावीचं कोडिंग आणि चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची माहिती सरसकट खुली करता येणार नाही. पण हा मॅन्युअलचा एक कोपरा आहे. युरोपात त्यासाठी ओळख आणि पार्श्वभूमी तपासलेल्या माणसांनाच प्रवेश देण्याची आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. त्या कोपऱ्यासाठी ब्रेकचा टॉर्क लपवण्याचं कारण नाही. खर्चाचा आक्षेप टिकत नाही, कारण मॅन्युअल डीलरसाठी लिहिलेलंच असतं. कॉपीराइटचंही तसंच, छापून विकायचा हक्क कुणी मागत नाही, वाचायचा मागतो.

सुरक्षिततेचा आक्षेप तर उलटाच लागू होतो. माहिती रोखली म्हणून दुरुस्ती थांबत नाही, ती माहितीविना होते. एअरबॅगच्या कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थांबायचं असतं; अनेक टोयोटा गाड्यांत किमान ९० सेकंद, इतरांत आकडा वेगळा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी केबलना हात लावण्याआधी सर्व्हिस प्लग काढून कपॅसिटर रिकामे होण्याची वाट पाहायची, १,००० व्होल्टचे हातमोजे घालायचे, शून्य व्होल्ट मोजून खात्री करायची. प्लग नेमका कुठे आहे आणि किती मिनिटं थांबायचं हे मॅन्युअलमध्येच असतं. वॉरंटी संपलेल्या इलेक्ट्रिक गाड्या गावोगावच्या गॅरेजांत येणार आहेत. तिथल्या पोराला हा आकडा कळू न देणं याला सुरक्षितता म्हणणं मला मान्य नाही.

गॅरेजांनाही एक सांगायला हवं. मॅन्युअल आलं आणि टॉर्क रेंच (टॉर्क मोजून आवळणारा पाना) नसेल तर आकडे कागदावरच राहतील. अर्ध्या इंचाचा एक आणि छोट्या बोल्टांसाठी पाव इंचाचा एक असे दोन तरी घ्यावेत. काम झाल्यावर क्लिकच्या रेंचची स्प्रिंग सर्वांत खालच्या खुणेपर्यंत सैल करून ठेवावी, वर्षातून एकदा तो तपासून घ्यावा, आणि त्याने बोल्ट सोडू नयेत.

मालकांनी करण्यासारखं काम याहून सोपं आहे. नवी गाडी बुक करताना शोरूममध्ये लेखी विचारावं: वॉरंटी संपल्यावर या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल आणि त्यातले पुढचे बदल मला कुठे, किती रुपयांत मिळतील? उत्तर लेखीच मागावं. ते आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत रस्ते वाहतूक मंत्रालयाला पाठवावी, कारण १२६वा नियम बदलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे.